रविवारच्या चार ओळी

हे मी एका सोमवारी दुपारी चार वाजता सांगायला हवं होतं. तेव्हा ते अर्ध्या पानाच्या चिठ्ठीत मावलं असतं. आता इतकी पानं लागताहेत, कारण मधल्या वर्षांत त्यावर मी बरंच काही रचून ठेवलं.

मी बोलका माणूस नाही. ऑफिसात, नात्यात, शेजारीपाजारी सगळीकडे माझी ख्याती शांत माणूस अशी आहे. खरं सांगायचं तर मी शांत कधीच नव्हतो, मी घाबरलेला असायचो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. लोक चांगला अर्थ घेतात आणि आपण तो घेऊ देतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. नागपूरला सदरमध्ये, खाली टायपिंगची दोन-तीन दुकानं असलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. विदर्भातल्या गावोगावच्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून आलेले आकडे आम्ही मशीनमध्ये भरायचो आणि त्यांचे नकाशे, तक्ते काढून द्यायचो. मशीन म्हणजे दोन गोदरेजच्या कपाटांएवढं धूड. त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. धूळ जाऊ नये म्हणून, हे खरं. पण चपला काढल्या की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, तसे आम्ही सगळे तिथं हळू बोलायचो.

इतकं महागाचं मशीन रिकामं राहता कामा नये, असा मुंबईच्या मुख्य ऑफिसचा हुकूम होता. म्हणून मशीन स्वतःच स्वतःची हजेरी मांडायचं. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ: किती वाजले, मशीन चालू, आणि किती टक्के कामात. तासाला चार ओळी, दिवसाला शहाण्णव. त्या ओळींवरून आठवड्याचा तक्ता करून दर सोमवारी दुपारच्या टपालाने मुंबईला पाठवायचा, हे काम माझं. मी मुंबईला तीन महिने ट्रेनिंग घेऊन आलो होतो. वय अठ्ठावीस. केंद्रात मशीनच्या पोटातलं कळणारा मी एकटा, असं सगळे समजत. मीही ते कुणाला नाकारलं नाही.

आमच्याकडे तीन ऑपरेटर होते. त्यांतले एक माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. आधी ते तळमजल्यावर मागे असलेल्या आमच्या पंचिंग सेक्शनला होते, कार्डांना भोकं पाडण्याच्या जुन्या कामावर. ते सेक्शन बंद व्हायला टेकलं होतं. त्यांना वर्षभराच्या परीक्षेवर मशीनवर घेतलं होतं. वर्ष नीट गेलं की कायम, नाही तर पुन्हा खाली पंचिंगला, आणि पंचिंग बंद झालं की घरी. गाव सावनेरजवळचं, तिथं बायको, दोन मुली. आठवडाभर ते इतवारीत भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचे आणि सुटीला गावी जायचे. सगळे त्यांना सावनेरवाले म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. मी कितीदा म्हटलं, साहेब म्हणू नका.

"काहून नाही म्हनू?" ते म्हणायचे. "मशीन तुमचं आयकते. मले तं घरची बकरी बी आयकत नाही."

त्यांची एक सवय होती. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की त्याला वेळ सांगावी लागे, कारण त्याला स्वतःला ती आठवत नसे. बाकीचे ऑपरेटर मनगटाकडे बघून अंदाजाने टाकायचे. सावनेरवाले मात्र रेडिओ घेऊन यायचे. पिशवीत एक छोटा ट्रान्झिस्टर, त्याला त्यांच्या मुलीने शिवलेलं कापडी कव्हर. सकाळी सातच्या बातम्यांआधी ठोके पडायचे, त्यावर ते मशीनचं घड्याळ लावायचे. मशीन रात्रभर चालूच असलं तरी ताडून बघायचे. मिनिटाचा फरक असला तरी दुरुस्त करायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता बरोबर."

माझी चूक मात्र त्या ऑक्टोबरच्याही आधीची, मशीन आलं त्या दिवसाची.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला होता. मशीन बसवताना ते पडद्यावर एकेक प्रश्न विचारत होतं आणि तो एकेक उत्तर टाकत होता. मोठे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, दाराबाहेर नारळ घेऊन उभे होते. नारळ आत फोडायचा नाही, पाणी उडेल, यावर नुकतीच चर्चा झाली होती. एक प्रश्न आला: 'डेलाइट सेव्हिंग'? पुढे उत्तर आधीच भरलेलं होतं, होय. इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "हे असू दे का?"

मला तो शब्द माहीत नव्हता. ट्रेनिंगमध्ये आला असेल तर मी त्या दिवशी झोपलो असेन. मागे मोठे साहेब, दोन ऑपरेटर, चहावाला, सगळे बघत होते. तीन महिने मुंबईला राहून आलेला माणूस 'म्हणजे काय' असं कसं विचारणार? मी म्हटलं, "असू द्या."

त्याने बटण दाबलं. बाहेर नारळ फुटला.

त्याचा अर्थ मला पुढे कळला तो असा. अमेरिकेत तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी रात्री दोन वाजता सगळी घड्याळं एक तास पुढे करत, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनला पुन्हा एक तास मागे आणत. उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात मला कुणी जास्तीचं ऊन देऊ केलं तर मी पाया पडून नको म्हणेन. पण मी होय म्हणून ठेवलं होतं, आणि मशीन ते विसरणारं नव्हतं. आम्ही त्याला इथली वेळ सांगत होतो, चाल मात्र ते तिथली चालत होतं.

एरवी हे कुणाच्या ध्यानात आलंच नसतं. मशीन शनिवारी संध्याकाळी बंद व्हायचं, सोमवारी चालू व्हायचं. ज्या रात्री घड्याळ सरकायचं त्या रात्री ते झोपलेलं असायचं. पण त्या वर्षी विहिरींचं काम तुंबलं होतं, म्हणून शनिवारी लावलेलं काम रविवारभर चालू ठेवायचं ठरलं. दिवाळी तोंडावर. बाकीच्या दोघांपैकी एकाने रात्रपाळी कशीबशी घेतली, रविवारची सकाळ कुणाला नको होती. सावनेरवाले म्हणाले, "मी करतो. मले परीक्षा पास व्हाची आहे ना गा."

सोमवारी सकाळी मी तक्त्याचा प्रोग्राम लावला आणि तो मध्येच अडकला. रविवारच्या ओळी छापून काढल्या. एक, सव्वा, दीड, पावणेदोन. मग पुन्हा एक, सव्वा, दीड, पावणेदोन. त्यानंतर दोन. रात्रीचा तोच तास दोनदा. वेळ मागे गेलेली बघून प्रोग्राम बिथरला होता. दुपारचं टपाल गाठायचं होतं. मला वाटलं, काहीतरी कचरा आला. मी फायलीतून दुसऱ्यांदा आलेल्या त्या चार ओळी काढून टाकल्या. प्रोग्राम सुरळीत चालला. तक्ता निघाला. त्यात सकाळी सहानंतर एकदम सव्वासात होते, मध्ये एक तास कोरा. तेही मला दिसलं. मी म्हटलं, असेल काहीतरी. पाकीट बंद केलं.

जेवण झाल्यावर मन राहीना म्हणून कंपनीचं जाडजूड पुस्तक काढलं. चारच्या सुमारास ते पान सापडलं.

सगळं माझ्यासमोर उलगडलं. रात्री दोनला घड्याळ एक तास मागे गेलं, म्हणून एक ते दोन हा तास दोनदा लिहिला गेला. सकाळपर्यंत मशीन तासभर मागेच चाललं. सहाला कामावर आलेल्या सावनेरवाल्यांनी सातच्या बातम्यांचे ठोके ऐकले, पडद्यावर सहा वाजलेले पाहिले, आणि नेहमीसारखं घड्याळ बरोबर केलं. म्हणून सहाच्या ओळीनंतर सव्वासातची ओळ. एकही मिनिट मशीन बंद नव्हतं. छापलेल्या कागदावर मी ओळी मोजल्या. शहाण्णव. चार जास्तीच्या, चार कमी, हिशेब पुरा. माझ्या फायलीत मात्र आता ब्याण्णव होत्या, आणि ज्या चार ओळींमुळे तो खड्डा कशाने पडला ते कळलं असतं, त्या मी हाताने काढल्या होत्या.

तक्ता टपालात गेला होता. मोठ्या साहेबांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी उठलो, दारापर्यंत गेलो. आत ते फोनवर होते. मी परत आलो. पुन्हा गेलो नाही. तो छापील कागद घडी करून डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी नेला.

मनाशी मी म्हणत होतो, मुंबईला असे तक्ते कोण वाचतं.

दिवाळी त्या वर्षी मी कशी काढली ते मलाच ठाऊक. आईने चिवड्याचं ताट समोर ठेवलं की मला दर घासाला वाटायचं, आत्ता मुंबईहून तार येईल. पोस्टमनची सायकल वाजली की मी ताट सोडून दाराशी. आई म्हणाली, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय.

दिवाळीनंतर मुख्य ऑफिसचे एक अधिकारी आले. कुणाला कायम करायचं, कुणाला नाही, ते ठरवायला. फाईल उघडली आणि पहिलंच बोट त्या कोऱ्या तासावर ठेवलं.

"रविवारी सकाळी मशीन तासभर बंद होतं. ड्युटीवर कोण?"

मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. अधिकारी, मोठे साहेब, मी, आणि सावनेरवाले. फक्त सावनेरवाले उभे होते.

"बंद नव्हतं साहेब," ते म्हणाले. "मी सहाले आलो तवापासून चालूच होतं. हे पाहा, रजिस्टर." खोलीचं तापमान दर अर्ध्या तासाला हाताने लिहायचं रजिस्टर त्यांनी पुढे केलं. साडेसहा, एकवीस डिग्री. सात, एकवीस डिग्री. गोल, नीटस आकडे.

"रजिस्टर मागाहूनही भरता येतं."

"मी नाही भरत तसं. घडीच एक घंटा मांगं होती साहेब. सातच्या बातम्या लागल्या अन् पडद्यावर सहा. मी लावली बरोबर."

"मशीनचं घड्याळ? एक तास मागे? आपणहून?" अधिकारी हसले. मोठे साहेबही हसले. "अहो, मशीनलाही डुलकी लागली म्हणायची. तुमच्याबरोबर!" अधिकारी म्हणाले.

सावनेरवाले हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या बघण्यात, विश्वास होता. मशीनच्या पोटातलं कळणारा माणूस तिथं बसला होता, आणि तो आता बोलेल.

अधिकाऱ्यांनीही मलाच विचारलं. "तुम्ही सांगा. असं होऊ शकतं?"

मी म्हटलं, "सहसा होत नाही, सर."

एवढंच बोललो. खोटं बोललो असं कुणी म्हणू शकलं नसतं. सहसा होत नाहीच, वर्षातून एकदा होतं. हा शब्द मी त्या क्षणी शोधला नव्हता. दिवाळीभर मी तो तयार करून ठेवला होता. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर सावनेरवाले मला कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेले. त्यांनीच दोन चहा सांगितले. मला वाटलं, आता हे विचारणार. मी पेला फळीवर ठेवला.

"तुमी 'सहसा' म्हटलं ते बरं केलं साहेब," ते म्हणाले. "त्यायनं तं हसून टाकलं. तुमी थोडीक तरी फट ठेवली. तुमचे उपकार आहेत."

चहा तसाच राहिला. ते म्हणाले, "प्या ना, थंडा होऊन राहिला."

महिन्याभरात पत्र आलं. ड्युटीवर निष्काळजीपणा. त्यांना कायम केलं नाही. ते खाली पंचिंगला गेले. पुढच्या उन्हाळ्यात पंचिंग बंद झालं, आणि एके दिवशी ते ट्रान्झिस्टर पिशवीत घालून वर निरोप घ्यायला आले. सावनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसायचं काम मिळालं होतं, कापसाच्या गाड्यांचं वजन करायचं. "चांगलं आहे," म्हणाले. "तिथं घडीच नाही."

यानंतरचंही मी जाणूनबुजूनच केलं.

मशीनमधल्या त्या 'होय'चं 'नाही' करायचं तर कंपनीला पत्र लिहावं लागे, इंजिनिअर बोलवावा लागे, कारण द्यावं लागे. कारण दिलं की तो रविवार वर येणार. म्हणून मी दुसरी वाट काढली. दर वर्षी एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या केंद्रात एअर कंडिशनरची सफाई ठेवायची. मशीन शनिवारी बंद, सोमवारी चालू. मोठ्या साहेबांना ते शिस्तीचं वाटलं, त्यांनी माझं कौतुक केलं. नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की सणवार बघायच्या आधी मी ते दोन रविवार शोधून पेन्सिलने बारीक टिंब द्यायचो. टिंब जवळ यायला लागलं की माझी झोप उडायची. विहिरींचं काम तुंबलं तर? सफाईवाला आला नाही तर? रविवारी मशीन चालू ठेवा असं कुणी म्हटलं तर?

सफाईवाला मेकॅनिक मोमीनपुऱ्याचा, मोठा गमत्या. तो एकदा म्हणाला, "साब, आपका एसी पंचांग देखके गंदा होता क्या? हर बार यही इतवार!" सगळे हसले. मीही हसलो. मग संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तीन वर्षांनी ते झालंच. ऑक्टोबरमध्ये मोठे साहेब म्हणाले, सफाई पुढच्या आठवड्यात करा, काम थांबवायचं नाही. मी मान डोलवली. त्या रविवारी उजाडायच्या आत स्कूटरवर ऑफिसात गेलो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला म्हटलं, जा तू, मी बसतो. पडद्यावर घड्याळ एक तास मागे होतं. मी ते पुढे केलं. मग ओळींची फाईल उघडली. दुसऱ्यांदा आलेल्या 'एक'पासून पुढच्या प्रत्येक ओळीच्या वेळेत एक तास वाढवला. एकाचे दोन, सव्वाचे सव्वादोन, असं सकाळपर्यंत. जुळलं. एकही ओळ गेली नाही, एकही खड्डा उरला नाही. दिवसअखेर शहाण्णवच भरणार होत्या.

सगळं करायला दहा मिनिटं लागली.

मी खुर्चीत बसून राहिलो. हेच त्या सोमवारी करता आलं असतं. पुस्तक वाचल्यावरसुद्धा, तक्ता गेल्यावरसुद्धा. दुरुस्त तक्ता दुसऱ्या दिवशीच्या टपालाने पाठवायचा, खाली दोन वाक्यं लिहायची. फार तर माझ्यावर शेरा आला असता. दहा मिनिटांचं काम मी एका माणसासाठी केलं नाही, आणि माझ्यावर येईल असं दिसताच अंधारात येऊन केलं. मला ते येत नव्हतं, असं आता मी स्वतःलाही सांगू शकत नव्हतो.

पुढे ते मशीन भंगारात गेलं. नवीन आलं त्याला मी प्रत्येक प्रश्न वाचून, विचारून उत्तर दिलं. पेन्सिलची टिंबं थांबली, पण तो कागद माझ्या कपाटात प्रमाणपत्रांच्या खाली राहिला. मोठे साहेब वारले. त्या अधिकाऱ्यांचं पुढे काय झालं माहीत नाही. ज्याला सांगायचं तो एकच माणूस उरला होता, आणि सावनेर काही लांब नाही. एसटीने पुरा दीड तासही लागत नाही. मला तिथं पोचायला वीसेक वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात गेलो. घर सापडायला त्रास झाला नाही, जिनिंगमध्ये विचारलं तर तिथल्या माणसाने पार कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. ते ओट्यावर उन्हात बसले होते. ओळखलं लगेच.

"अरे, साहेब! मशीनवाले साहेब! या, या." आणि आत बघून, "आयक वं, पानी आन! सदरचे साहेब आले."

पाणी आलं, पण मी प्यायलो नाही. आधी कागद काढला. घड्यांवर पिवळा पडला होता, पण अक्षरं दिसत होती. त्यांनी चष्मा लावला. मी कुठून बघायचं ते दाखवलं आणि सांगितलं, हळू, एकेक करत. रात्री दोनला काय झालं, सकाळी सातला त्यांनी काय केलं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. मग बोट ठेवून ओळी मोजायला लागले. खूप वेळ लागला. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली.

"शहान्नव," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे मशीन बंद नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "साहेब, तुमाले खरं सांगू? पयल्यांदा मले पक्कं मालूम होतं का मी जागा होतो. मंग सारेच म्हनत गेले, तुमाले डुलकी लागली असन, मानसाले लागते. घरी बी म्हनाले. चार-पाच वर्सानं मलेच वाटाले लागलं का लागला असन डोळा. रेडिओचं मीच सपनात पाह्यलं असन." ते आतल्या दाराकडे वळले. "आयक वं! मी झोपलो नव्हतो!"

बायको हातात तांब्या घेऊन दारात आली. "काय म्हनता?"

"झोपलो नव्हतो म्हनतो मी. त्या रविवारी. हा पाहा कागद."

तांब्या खाली ठेवून तीही ओट्यावर बसली, कागदाकडे बघत.

मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं विचारतील. येताना एसटीत मी त्याचं उत्तर पाठ केलं होतं, आणि ते आठवेना.

"तुमाले कवा समजलं, साहेब?"

एक शब्द माझ्या तोंडाशी आला होता. 'पुढे', 'नंतर', असलाच काहीतरी. तो मी गिळला.

"त्याच सोमवारी," मी म्हटलं. "दुपारी चार वाजता. मुंबईच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं."

बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नाही पाहिलं. ते कागदाची घडी जुन्या वळांवर परत घालत होते, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तुमी चहा बी पेला नव्हता त्या दिवशी," ते घडी दाबत म्हणाले. "मी पैसे देले होते."

पोरींची लग्नं कशी झाली, काट्यावर काय मिळायचं, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मला विचारायचा हक्क नव्हता. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. उठायच्या वेळी कागद त्यांनी परत दिला नाही.

"हा राहू द्या मायाजवळ. अन् तुमी लिहून द्या. हे आता सांगितलं तसंच. 'सहसा' म्हटलं ते बी लिहा. कुठं छापून येत असन तं छापा."

"नाव घालू?"

"मायं नोको. तुमचं बी नोको, तुमाले पोरंबाळं असतीन." त्यांनी घडीवर बोट टेकवलं. "त्या चार ओळी तेवढ्या टाका. ज्या तुमी काढल्या."

कागद त्यांच्याकडे आहे, पण मला त्या पाठ आहेत. रविवार, दुसऱ्यांदा वाजलेला एक. सावनेरवाले तेव्हा इतवारीतल्या खोलीत झोपले होते, सहाच्या पाळीसाठी उठायचं म्हणून लवकर निजलेले.

१.०० — मशीन चालू, ८१ टक्के कामात.
१.१५ — मशीन चालू, ८४ टक्के कामात.
१.३० — मशीन चालू, ८३ टक्के कामात.
१.४५ — मशीन चालू, ८४ टक्के कामात.